छायाचित्रातला दुष्काळ आणि पाणवठ्यावरची जात

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शहरात छायाचित्रांचे एक प्रदर्शन भरले होते. एका हौशी प्रवाशाने राजस्थानच्या वाळवंटातून एकट्याने केलेल्या भटकंतीची ती छायाचित्रे होती. शेवटच्या भिंतीवर मात्र आपल्याच माणदेशची दहा-बारा चित्रे लावली होती. जणू म्हसवड-आटपाडी हा थरच्या वाळवंटाचाच तुटून पडलेला तुकडा आहे. चित्रे सुबक होती, याबद्दल वाद नाही. भेगाळलेली जमीन, वठलेली बाभळ, मेंढरांनी उडवलेली धूळ आणि त्या धुळीतून येणारी तिरपी उन्हे. पाहणारे खुश होते. 'काय प्रकाश पकडलाय!' असे उद्गार ऐकू येत होते.

माझ्याबरोबर बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी होती. ती माण तालुक्यातली. एका चित्रापुढे ती थबकली. चित्रात एक वयस्क बाई रिकामी घागर कमरेवर घेऊन उजाड माळावर एकटीच उभी होती. खाली चिठ्ठीवर एकच शब्द होता : 'तहान'. त्याखाली चौकटीसह किंमत.

"सर, ही माझी मावशी," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आतच ती पुढे म्हणाली, "आणि ती एकटी नाही सर. डाव्या अंगाला टँकर असतो, तिथं गर्दी असती. तेवढं कापलंय. ती लांब उभी हाय, कारण आमच्या वस्तीचा नंबर शेवटी येतो."

प्रदर्शन पाहून मी घरी आलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. चित्र खोटे नव्हते. बाई खरी, घागर खरी, माळ खरा, तहानही खरी. तरीही त्या चौकटीने एक मोठी लबाडी केली होती. माणसामाणसांतले जे अंतर होते, ते तिने माणूस आणि निसर्ग यांच्यातले अंतर करून दाखवले होते. बाई टँकरपासून लांब उभी होती. चित्रात ती पावसापासून लांब उभी असलेली दिसत होती. दुष्काळाच्या आणि वाळवंटाच्या प्रवासी छायाचित्रणाचा विचार आपल्या चळवळीच्या नजरेने करायचा, तर तो या लबाडीपासून सुरू करावा लागेल.

आधी माणदेश वाळवंट आहे काय, ते पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे तो पाचशेच्या आतबाहेर घुटमळतो. सह्याद्रीने ढग अडवले, म्हणून पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेत गेला. इथपर्यंत भूगोल. पण पाटण तालुक्यात कोयना अडवली, शिवसागर जलाशयात १०५ अब्ज घनफूट पाणी साठवले, आणि त्यातले ६७.५ अब्ज घनफूट विजेसाठी पश्चिमेकडे सोडायला कृष्णा लवादाने मंजुरी दिली, हा भूगोल नव्हे. हा निर्णय आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नेणारी 'जलदूत' रेल्वे मिरजेहून भरून निघाली. तिची छायाचित्रे देशभर छापून आली. लातूरची तहान खरीच होती आणि तिला पाणी मिळाले हे योग्यच झाले. पण त्याच सांगली जिल्ह्यातला जत तालुका त्या गाडीच्या चौकटीत कुठेच नव्हता. दुष्काळ कुठे आहे, याचे उत्तर छायाचित्रकार आणि बातमीदार कुठवर जातात, यावर ठरू लागते.

पाणी कुठून आले, कोणी आणले, कोणापर्यंत पोचले, यातला एकही प्रश्न भेगाळलेल्या जमिनीच्या चित्रात मावत नाही. टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी आता या भागात काही ठिकाणी पोचले आहे. आटपाडीचे डाळिंब बाजारात आहे. पण पाटाचे पाणी जमिनीच्या मागे जाते. ज्याला जमीन नाही त्याच्याकडे ते वळत नाही. म्हणून तर १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरत आल्या. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या चळवळीने भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा हवा, अशी मागणी लावून धरली. त्याआधी खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधले, तेव्हाही हाच समान वाटपाचा विचार पुढे होता. त्या परिषदांना माणसे ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून, चालत आली. त्यांचे एकही चित्र मला त्या भिंतीवर दिसले नाही. पाणी मागणारा माणूस 'तहान' या शीर्षकाखाली बसत नाही. तहानलेला माणूस गप्प असावा लागतो.

आता याच मुलखातला एक प्रवास आठवू. सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याचे छायाचित्र नाही.

१९०१ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याची काही मुले वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता आणि उपाशी माणसे त्या कामावर राबत होती. मुलांना या प्रवासासाठी नवे सदरे, झगझगीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी सगळी तयारी केली होती. रेल्वेत बसायची पहिलीच वेळ. मसूर स्टेशनावर ती उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर चौकशीला आला. कपड्यांवरून त्याला ती चांगल्या घरची, म्हणजे त्याच्या मते वरच्या जातीची वाटली. त्यातल्या एका मुलाने सरळपणे आपली जात सांगितली, आणि मास्तरचा चेहरा पालटला. भाड्याची गाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडीवान तयार झाला. तो बाटू नये म्हणून गाडीबरोबर चालत होता. मुलांकडे डबा होता, पाणी नव्हते. वाटेतल्या ओढ्याचे पाणी चिखलाचे आणि शेणमुताचे होते. रात्री टोलनाक्यावर त्या मुलाने गाडीवानाच्या सल्ल्यावरून आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले. तेही मिळाले नाही. भरल्या डब्यासह मुले उपाशी झोपली.

तो मुलगा म्हणजे भीमराव. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या टिपणात बाबासाहेबांनी हा प्रवास पहिलाच म्हणून सांगितला आहे. ते टिपण १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका म्हणून छापले. आपण ते अन्यायाची कहाणी म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण ते प्रवासवर्णनही आहे. मराठी मुलखातल्या कोरड्या प्रदेशाचे इतके नेमके प्रवासवर्णन मी दुसरे वाचलेले नाही.

कल्पना करा, की त्या संध्याकाळी मसूर स्टेशनावर कोणी कॅमेरेवाला असता. त्याला काय दिसले असते? नव्या कपड्यांतली हसरी मुले. 'पहिला प्रवास' असे काही शीर्षक शोभले असते. रात्री नाक्यावर त्याने चित्र घेतले असते, तर एक बैलगाडी, झोपलेली मुले आणि वरचे आकाश. किती शांत चित्र झाले असते ते! जात चेहऱ्यावर नसते, कपड्यांवर नसते. स्टेशनमास्तरला दिवसाउजेडी समोरासमोर उभे राहूनही ती दिसली नाही. ती त्याला ऐकावी लागली. मग भिंगाला ती कशी दिसणार? जात दिसते ती हालचालीत : कोण कोणापासून किती पावले मागे सरला, कोणाच्या ओंजळीत किती उंचावरून पाणी पडले, कोण गाडीत बसला आणि कोण चालला. छायाचित्र क्षण थांबवते आणि नेमकी ही हालचालच गोठवून टाकते. म्हणून नुसते 'जसे दिसले तसे टिपले' हा छायाचित्रकाराचा बचाव आपल्याला पुरत नाही. जसे दिसले, त्यात मुख्य गोष्ट दिसलेलीच नसते.

या कलेची कुळकथा पाहिली, तर हा दोष आजचा नाही हे कळते. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला. दहा वर्षांनी माक्सिम द्यू कां हा फ्रेंच लेखक कॅमेरा घेऊन इजिप्त आणि न्युबियाच्या वाळवंटात गेला. मंदिरे किती उंच आहेत हे कळावे, म्हणून तो आपल्या नावेवरच्या हाजी इस्माईल नावाच्या खलाशाला चित्रात उभा करी. खलाशाने हलू नये म्हणून त्याला सांगितले होते, की कॅमेऱ्याची नळी ही तोफ आहे, हललास तर उडेल. वाळवंटातल्या प्रवासी छायाचित्रणाच्या आरंभीच माणूस हा मापपट्टी म्हणून उभा आहे, आणि भीतीने उभा आहे. आमच्याकडे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे आरंभीच्या देशी छायाचित्रकारांपैकी एक. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सनने वेगवेगळ्या जातींच्या लोकांची चित्रे घेऊन १८६३ आणि १८६६ साली दोन खंड काढले. माणसांची चित्रे कापून ती दुसऱ्याच देखाव्यांवर चिकटवण्याची त्याची रीत होती. माणूस एका जागी, जमीन दुसऱ्या जागची. त्या प्रदर्शनातल्या मावशीचे काही वेगळे झाले आहे काय? जॉन्सनने देखावा जोडला, आजच्याने टँकर तोडला, एवढाच फरक.

१८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातल्या अस्थिपंजर माणसांना ओळीने बसवून चित्रे घेतली. त्याच्यावर पुढे टीकाही झाली. याच दुष्काळात, १८७७ साली, जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी अन्नछत्र चालवत होते. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, याच खटाव तालुक्यातले. त्यांनी आपला हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ साली. दुष्काळ पाहण्याच्या दोन रीती इथे समोरासमोर उभ्या आहेत. एक भुकेल्याला ओळीत बसवते चित्रासाठी. दुसरी ओळीत बसवते पंगतीसाठी.

पुढची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. स्टीव्ह मकरीने १९८३ साली राजस्थानात धुळीच्या वादळात एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या स्त्रियांचे चित्र घेतले. लाल वस्त्रांचा तो पुंजका जगभर गेला. त्या स्त्रिया रस्त्याच्या कामावर मजुरी करत होत्या. चित्रात रंग उरला, मजुरी गेली. आमच्या आया-आज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, पाझर तलाव खोदले, नाला बांध घातले. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी इंग्रजी अमदानीत तलाव खोदले. मायणीच्या ब्रिटिशकालीन तलावावर आज रोहित पक्षी उतरतात आणि पहाटेपासून कॅमेऱ्यांची रांग लागते. पक्ष्यांचे शास्त्रीय नाव चित्राखाली बिनचूक असते. तलाव कोणाच्या हातांनी खोदला, हे नाव कुठेच नसते.

'एकट्याने प्रवास' या कल्पनेबद्दलही बोलले पाहिजे. आज तिला फार मान आहे. माणूस एकटा जातो, स्वतःला शोधतो, असे सांगितले जाते. पण त्याची जीप कोणी चालवली? त्याचा बिछाना कोणी घातला? उंटाची वेसण कोणाच्या हातात होती? एकटा तो, ज्याच्याबरोबरची माणसे मोजली जात नाहीत. मराठीत 'अपूर्वाई'पासून प्रवासवर्णनांची मोठी परंपरा आहे. तीत विनोद आहे, जिव्हाळा आहे, मी ती आवडीने वाचली आहे. दलित साहित्यात मात्र आत्मकथने आली, प्रवासवर्णने फारशी आली नाहीत. कारण आमच्याकडे प्रवास कमी झाला असे नव्हे. लक्ष्मण मानेंचे 'उपरा' १९८० साली आले. फलटण भागातल्या त्या कैकाडी कुटुंबाचे सगळे आयुष्यच गाढवावरचा संसार घेऊन गावोगाव फिरण्यात गेले. तो प्रवास होता, सहल नव्हती. वाटेगावचा पोरगा अण्णा भाऊ वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेला. तोच पुढे १९६१ साली सोव्हिएत रशियाला जाऊन आला आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. जो पोटासाठी शेकडो मैल चालला आहे, तो परक्या मुलखात गेल्यावर काय पाहतो, याचा अभ्यास आपल्या विद्यापीठांनी अजून पुरेसा केलेला नाही. तो आधी कामगार पाहतो.

दुसऱ्यांवर एवढे लिहिल्यावर स्वतःबद्दल न लिहिणे बरे नव्हे. नोकरी कायम झाल्यावर मी एक बरा कॅमेरा घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत एकटाच जैसलमेरला गेलो. आमच्या घरात हौसेने प्रवास करणारा मी पहिलाच. शहराबाहेर एका ढाणीवर टांक्यातून पाणी शेंदणाऱ्या बायका दिसल्या. मी त्यांना न विचारता चित्र घेतले. मग पाणी मागितले. तिथल्या म्हाताऱ्याने आधी गाव विचारले, मग आडनाव विचारले. माझ्या आडनावावरून त्याला काही उलगडेना. तेव्हा त्याने सरळ विचारले, कोण लोक? मी म्हणालो, "मास्तर." तो हसला आणि लोटा पुढे केला.

मी पाणी प्यालो. चित्रही फार चांगले आले. मित्रांनी त्याची वाहवा केली. पण मसूरच्या वाटेवरच्या मुलाने जे पहिल्यांदा स्टेशनावर सांगितले होते, ते मी शंभराहून अधिक वर्षांनी, खिशात पगार असताना सांगितले नाही. आणि त्या टांक्यापासून कोण किती अंतरावर उभे आहे, हे पाहायचे तर मला सुचलेच नाही. मला प्रकाश दिसत होता. त्या बायकांच्या लेखी मी त्या प्रदर्शनातल्या प्रवाशापेक्षा निराळा कसा? जन्माने नजर मिळत नाही. ती कमवावी लागते आणि गाफील राहिलो तर गमावतो.

यावर काही मित्र म्हणतील, कलेची पारख कलेच्या नियमांनी करा. चित्राची रचना, छायाप्रकाश पाहा, त्यात पाणीवाटप कशाला आणता? हा आक्षेप आपल्या कवितेवरही घेतला गेला होता, आत्मकथनांवरही. त्याचे उत्तर तेव्हाचेच आहे. चौकट कुठे संपवायची, हा निर्णय रचनेचाच असतो. टँकर कापला तो रचनेसाठीच. म्हणजे रचना निष्पाप नाही. मग तिची समीक्षाही निष्पाप राहू शकत नाही.

दुसरे काही म्हणतील, मग दुष्काळाची चित्रे काढूच नयेत काय? तसे मी म्हणत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना पी. सी. जोशींबरोबर गावोगाव फिरले. त्यांची चित्रे पक्षाच्या वृत्तपत्रातून छापली गेली ती दुष्काळ माणसांनी कसा घडवला, हे सांगणाऱ्या मजकुरासह. आपल्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षे राहून त्यांचे काम, त्यांची घरे, त्यांचे गटारात उतरणे दाखवले. त्या चित्रांत घाण 'प्रकाशमान' होत नाही; ती कोणाच्या अंगावर पडते, हे दिसते. तिथे परत परत गेल्याशिवाय असे चित्र निघत नाही. प्रवासी एकदाच जातो, हीच त्याची खरी मर्यादा आहे.

आणि छायाचित्राचे आपल्याला वावडे असण्याचे कारणही नाही. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात एक छायाचित्र आहे. कोट, टाय, चष्मा, ताठ मान. त्या माणसाने स्वतःचे कपडे स्वतः निवडले, कुठे पाहायचे ते स्वतः ठरवले. मसूरला नवे कपडे घालूनही ज्याला माणूस मानले नाही, त्याने आयुष्यभर आपले चित्र आपल्या हातात ठेवले. आमच्या संपूर्ण दृश्यसंस्कृतीचा पाया तो आहे. उलट माझ्या आजीचे एकच छायाचित्र घरात आहे, मतदार ओळखपत्रावरचे. तिने ७२ साली खडी फोडली. तेव्हा कोणी तिचे चित्र काढले असेलही. कोणत्या तरी अहवालात, कोणत्या तरी संग्रहात ती 'दुष्काळग्रस्त स्त्री' म्हणून बसलीही असेल. आम्हाला ते कधीच सापडणार नाही, कारण त्याखाली तिचे नाव नसणार. ओळखपत्रावर ती काळपट, घाबरलेली दिसते. पण खाली तिचे नाव आहे, वय आहे, गाव आहे, आणि ते पत्र हातात घेऊन तिने मत दिले आहे. त्या प्रदर्शनातल्या सुबक चित्रापेक्षा मला ते चित्र मोठे वाटते.

म्हणून आपल्या समीक्षेने यापुढे दुष्काळाच्या, वाळवंटाच्या, प्रवासाच्या चित्रांपुढे उभे राहताना काही साधे प्रश्न विचारावेत. चित्रातल्या माणसाचे नाव आहे काय? तो काय काम करतो आहे? पाणी चौकटीच्या कोणत्या बाजूला आहे आणि कोण त्याच्या आधी उभे आहे? चित्र त्या माणसाला कधी दाखवले गेले काय? हे प्रश्न परक्या प्रवाशाला विचारायचेच, पण आपल्या हातातल्या मोबाईललाही विचारायचे. माणदेशातल्या आमच्या मुलामुलींकडे आता तो आहे. टँकरची रांग सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांनीच टिपली पाहिजे, एका चित्रात मावली नाही तर दहांत.

प्रदर्शनातून निघताना त्या विद्यार्थिनीने मावशीसाठी चित्राची एक प्रत मिळेल का, असे विचारले. टेबलापाशी बसलेल्या गृहस्थांनी किमतीच्या चिठ्ठीकडे बोट दाखवले. ती काही बोलली नाही. अभिप्रायाची वही उघडी होती. तिने तीत मावशीचे पूर्ण नाव लिहिले, गाव लिहिले आणि पुढे लिहिले, 'टँकरच्या रांगेत उभी आहे.' मग आम्ही बाहेर पडलो.